जाळीतला पहिलवान

मित्रांनो, मी एक जुना रोबोट आहे. गंगाखेडजवळच्या आमच्या पेंडीच्या कारखान्यात सगळे मला ‘पहिलवान’ म्हणतात. चौदा वर्षं मी सरकी पेंडीची पन्नास किलोंची पोती उचलून थप्पी लावतो. माझ्याभोवती लोखंडी जाळी आहे. तिचं दार उघडलं की मी जागच्या जागी थांबतो. पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या दगडामावशी दर खंडेनवमीला दार उघडून मला कुंकू लावत. वर्षभर तेवढीच काय ती माझी विचारपूस!

यंदा शेजारी एक छोटा रोबोट आला. त्याला जाळी लागत नाही. माणसाचा हात लागला की गडी थांबतो. काय त्याचं कौतुक! मालक माणिकराव म्हणाले, “असेच दोन आणू, जुना भंगारात देऊ.” जुना म्हणजे मीच! मी आपलं पुढचं पोतं उचललं.

खंडेनवमी आली. बाहेर गाड्या भरायच्या होत्या, म्हणून मी चालूच होतो. हौसेनं कुणीतरी माझ्या दारालाच केळीचे खांब आणि झेंडूचं तोरण आवळून बांधलं होतं. सणाचं तोरण तोडायचं कसं? मावशी कुंकवाची वाटी घेऊन, पोती आत येतात त्या जागेतून वाकून शिरल्या. म्हणाल्या, “ह्यो बी हात लागला की थांबंल की!”

कुठला थांबतोय! मला स्पर्श कळतच नाही हो. पोतं घेऊन मी गर्रकन वळलो. तेवढ्यात आमच्या इंजिनियर सुकेशनीताई “मावशी!” असं ओरडल्या आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मी मावशींपासून वीतभर अंतरावर थांबलो. वाटी सांडली, पण मावशींना खरचटलंसुद्धा नाही. हुश्श! देवच पावला.

“आजच काढा ह्याला!” माणिकराव कडाडले.

“मालक, नवा दहा किलोच उचलतो,” सुकेशनीताई म्हणाल्या. “पोती परत हमालांच्या पाठीवर द्यायची का? जड कामाला जाळीतला, माणसाजवळच्या कामाला नवा. चूक आपली हाय. दार आपण बांधलं.”

माणिकरावांनी स्वतःच्या हातानं ते तोरण सोडलं. आठवड्यात पोत्यांच्या वाटेवरही पहारा देणारा दिवा बसला. पोत्याला तो वाट देतो, पण कुणी आत वाकलं की त्याचा किरण अडतो आणि मी थांबतो. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, यंत्राला जरूर सजवा, पण आधी त्याचा स्वभाव ओळखा.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मावशी कामावर आल्या. त्यांनी दार उघडलं, मी पुरता थांबेपर्यंत वाट पाहिली आणि राहिलेलं कुंकू लावलं.

“तुला कळत न्हाई रे बाबा,” त्या म्हणाल्या, “मग मलाच कळाया पायजे.”