महाराजांच्या पडद्यावरचं लेझीम

पालमच्या मंगल कार्यालयात लग्नालासुद्धा एवढी गर्दी होत नाही. त्या दिवशी ना नवरदेव होता ना पंगत, तरी माणसं खिडक्यांचे गज धरून उभी होती. स्टेजवर मोठा टीव्ही, त्याच्यापुढं भगव्या कापडानं झाकलेलं टेबल, टेबलावर जुन्या काळचा व्हिडिओ गेमचा डबा आणि पाटावर बसलेला बालाजी नावाचा तरणाताठा शिष्य. त्याच्या डोळ्यांवर कणकेचे गोळे, त्यावर काळी पट्टी, त्यावर आणखी एक भगवी. हातात गेमचा रिमोट. शेजारी माइक धरून खुद्द अंतर्दृष्टी महाराज.

"डोळा म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "डोळा म्हणजे खिडकी. खिडकी लावली म्हणून घर मरतं का? नाही. आतला दिवा लागतो. सायन्स त्याला अल्फा लहरी म्हणतं, आपण कृपा म्हणतो. परदेशात बालाजीच्या डोक्याला मशीन लावून बघितलं, तर मशीन जळालं."

मशीन कसलं होतं आणि वॉरंटीत होतं का, हे कुणी विचारलं नाही. महाराजांनी बालाजीच्या कपाळाला अंगठा लावला आणि खेळ सुरू झाला.

पडद्यावरचा टोपीवाला गडी सुसाट सुटला. कोसळणाऱ्या दगडांमधून केसाच्या अंतरानं निसटला, भुतांच्या डोक्यावर पाय देऊन पलीकडं गेला, एकदाही थांबला नाही की चुकला नाही. ज्यांचं बालपण याच खेळातल्या पहिल्या खड्ड्यात पडून गेलं होतं, ते बाप्ये आता मिशा आणि पोरं बाळगून होते, पण त्यांचेही डोळे पांढरे झाले.

मी पालममध्येच शाळेत विज्ञान शिकवते. असल्या ठिकाणी मी सहसा जात नाही, कारण गेले की माझं तोंड बंद राहत नाही. त्या दिवशी गेले ती शेजारच्या कडूबाईसाठी, खरं तर तिची लेक भक्ती हिच्यासाठी. भक्ती पहिलीत आहे. तिचा डावा डोळा कमजोर. परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला चष्मा दिला होता आणि रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलं होतं, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. हे कोवळं वय हातचं गेलं, तर तो डोळा पुढं सुधारणं अवघड, असंही त्यांनी बजावलं होतं. आणि आता भक्तीचा गुलाबी चष्मा महाराजांच्या पायाशी ठेवलेल्या पितळी हंड्यात पडला होता. महाराजांच्या इलाजाची पहिली पायरी म्हणजे चष्मा अर्पण करणं. हंडा काठोकाठ भरलेला होता.

"कडूबाई, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" मी हळूच विचारलं.

"डॉक्टर म्हणला वर्ष लागंल, जास्तबी लागंल. महाराज म्हणले सव्वा महिना. आन् ह्ये बघा की, डोळं झाकून कसं खेळायलाय त्यो." तिनं भक्तीला जवळ ओढलं. "पट्टी लावली की लेकरू रडतंय, मॅडम. पोरं तिला काणी म्हणत्यात. मला बघवत न्हाई."

वर्गात असं कुणी चिडवलं की मी पोरांना दटावते, पण गल्लीत कुणाकुणाला दटावणार? म्हणून मी समोर टीव्हीकडं बघत बसले.

तेवढ्यात टोपीवाला एका लिफ्टवर चढला. लिफ्ट सावकाश वर जाते, तोवर गड्याला काही काम नसतं. आणि तिथं उभ्या उभ्या तो लेझीम खेळायला लागला. दोन पावलं पुढं, एक मागं, खाली बसला, उठला, उडी.

मी जागच्या जागी हसले. आजूबाजूच्या बायांनी रागानं बघितलं. पण माझाही इलाज नव्हता, कारण ते लेझीम माझं होतं.

हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल. माझी जुनी विद्यार्थिनी सृष्टी आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हरिओम, या दोघांना एक वेड आहे. जुने खेळ ते कॉम्प्युटरवर इतके संथ चालवतात की एका सेकंदाचे साठ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला कुठलं बटण दाबायचं ते ठरवायचं, चुकलं की मागं जायचं, पुन्हा करायचं. असं महिनोन्‌महिने केल्यावर बटणांची एक फाइल तयार होते. ती खेळाच्या डब्याला जोडली, की माणसाच्या हातून कधीच होणार नाही अशी खेळी आपोआप होते. तिला म्हणायचं टूल-असिस्टेड स्पीडरन, दुकानात म्हणायचं नुसतं टास.

इंटरनेटवर खेळांची मोठी मॅरेथॉन भरते. तिथं लोक आळीपाळीनं खेळतात, जगभरातले लोक बघतात, आणि त्यात अशा टासलाही जागा असते. या दोघांना तिथं एकच खेळी पाठवायची होती. कुठली, यावर दुकानात भांडण जुंपलं होतं. हरिओमच्या खेळीत गडी भिंतीत शिरायचा, पडद्यावर चिखल झाल्यासारखं दिसायचं आणि लगेच खेळ जिंकल्याची पाटी यायची. सृष्टीची खेळी लांब होती, पण देखणी. निकाल लावायला त्यांनी मला बसवलं, कारण मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. मला जांभई आली की ती जागा दुरुस्त करायची, असा नियम ठरला. लिफ्टवर मला जांभई आली होती. "हा नुसता काय उभा राहिलाय? लेझीम तरी खेळू दे त्याला," असं मी म्हणाले आणि सृष्टीनं ते खरंच बसवलं.

मंगल कार्यालयातून मी थेट दुकान गाठलं. ऐकून सृष्टीचा चेहरा लालबुंद झाला. तपासायला म्हणून तिनं ती फाइल इंटरनेटवर टासच्या मंडळींसाठी ठेवली होती, कुणीही उतरवून घ्यावी.

"म्हंजी महाराजाला कृपा न्हाई झाली, डाउनलोड झालंय," हरिओम म्हणाला.

"उद्या उभी राहून सांगते सगळ्यांना," मी म्हणाले.

"सांगून काय होतंय मॅडम? लोक म्हणतील, मॅडमला जळतंय. दाखवावं लागंल," हरिओम म्हणाला.

सृष्टी विचार करत होती. "मॅडम, त्या फाइलला डोळं न्हाईत. ती निस्ती बटणं दाबत जाती. मधीच कुणी खेळ पयल्यापासून सुरू केला, तर तिला कळणारच न्हाई. ती आपली लिफ्टवरची बटणं जमिनीवर दाबत बसंल. खरा माणूस आसंल तर तो थांबंल, आन् पुन्हा नीट खेळंल."

"पण तिथं जाऊन डब्याचं रीस्टार्टचं बटण दाबू कोण देईल?" मी विचारलं.

मग मला दिनकरराव आठवले. शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचे माजी चेअरमन. पालममध्ये फीत कापायची असो की नळाला पाणी सोडायचं असो, प्रमुख पाहुणे दिनकरराव. ते कधीही वेळेवर येत नाहीत, आणि ते आले की चालू कार्यक्रम थांबवून पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. एकदा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरींनी त्यांच्यासाठी तोच नाच परत केला होता. दुसऱ्या दिवशी महाराजांच्या शिबिराचा समारोप होता आणि पत्रिकेत त्यांचं नाव होतंच. मी त्यांच्या घरी गेले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, उद्या खेळाचं बटण तुमच्याच शुभहस्ते दाबलं पाहिजे." त्यांना ते फार पटलं. उशिरा या, असं सांगायची गरज नव्हती.

समारोपाला टोपीवाला बराच पुढं गेला होता तेव्हा दारात गडबड झाली. दिनकरराव आले. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. मी उभी राहून म्हणाले, "पाहुणे आले आहेत, तर शुभारंभ त्यांच्या हातानं व्हावा." टाळ्या पडल्या. महाराजांनी काहीतरी बोलायला माइक उचलला, पण दिनकररावांना बटणापासून आजवर कुणी अडवू शकलेलं नाही. त्यांनी पुढं होऊन डब्यावरचं बटण दाबलं.

खेळ पहिल्या पाटीवर आला. कुठलंतरी बटण लागलं आणि टोपीवाला पुन्हा दिसला. तो समोरच्या भिंतीला जाऊन धडकला. धडकतच राहिला. मग सपाट जमिनीवर उगाच लेझीम खेळला, उलटा पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा उगवला, पुन्हा पडला. एक म्हातारा मागून म्हणाला, "ह्यो तर आमच्या पप्पूसारखा खेळायलाय."

"सभेत कुणीतरी अश्रद्ध बसलंय," महाराज गरजले. "लहरी बिघडल्या."

"ती मीच," मी म्हणाले. "पण महाराज, गडी मेला, खेळ संपला, पाटी आली. तरी बालाजीचा अंगठा अजून का चालू आहे?"

सगळ्यांनी बालाजीकडं बघितलं. बिचारा तल्लीन होऊन बटणं दाबत होता. हशा पिकला. आणि मग ज्या बाईनं आजवर महाराजांपुढं मान वर केली नव्हती, ती कडूबाई उठली. भक्ती तिच्या पदराला धरून होती.

"महाराज, आतला दिवा हाय ना? मग त्याला आता नव्यानं खेळायला लावा की. आमी थांबतो."

"शंका घेणाऱ्याची कृपा आटते," महाराज कडाडले. "तुझ्या पोरीचं जे होईल ते तुझ्या पापानं होईल."

कडूबाईचा चेहरा पांढरा पडला. पण ती बसली नाही. "मी तर निस्तं इचारलं, महाराज. इचारल्यानं लेकराचं डोळं जात्यात का?"

तोवर सृष्टी स्टेजवर पोचली होती. तिनं भगवं कापड उचललं. बालाजीच्या रिमोटची वायर टेबलाच्या पायाला नुसती गुंडाळलेली होती. खेळाच्या डब्यात जाणारी वायर टीव्हीमागं लपवलेल्या, सृष्टीची फाइल भरलेल्या लहानशा पेटीतून येत होती. एव्हाना खेळ पुन्हा सुरू झाला होता. सृष्टीनं ती वायर काढली. टोपीवाला उभाच राहिला. पुन्हा लावली, तो भिंतीला धडकला. बालाजीनं पट्ट्या सोडल्या. भुवयांना कणीक चिकटलेली होती. तो म्हणाला, "मला काय बी दिसत न्हाई. बटणं दाबत ऱ्हा म्हणले, मी दाबत व्हतो."

मग हंड्याभोवती जी झुंबड उडाली ती बघण्यासारखी होती. कुणी तिसऱ्याचाच चष्मा घातला, दिनकररावांना एका आजींचा आला आणि तो त्यांना बराही वाटला. गुलाबी चष्मा शेवटी तळाशी सापडला. या गोंधळात महाराज मागच्या दारानं गेले. जाताना त्यांनी स्वतःचा वाचायचा चष्मा खिशातून काढून लावला, असं पुढं काही जणांनी सांगितलं. मी तो बघितला नाही, म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

सृष्टी आणि हरिओमचं भांडण त्यानंतर एका बैठकीत मिटलं. त्या दिवशी कडूबाईही दुकानात आली होती, भक्तीला घेऊन. सृष्टीनं तिला सगळं संथ करून दाखवलं, कुठल्या तुकड्याला कुठलं बटण, कुठं किती वेळा चुकलं. मग तीच खेळी पूर्ण वेगानं लावली. कडूबाई म्हणाली, "आता तर जास्तच भारी वाटायलंय." हरिओमनं एक सुस्कारा सोडला आणि सृष्टीचीच खेळी पाठवायची ठरली, आधी ती कशी केली हे सांगून, मग दाखवून. समजल्यावर जिची मजा वाढते ती पाठवायची, यापेक्षा चांगला नियम आम्हाला सुचला नाही. महाराजांची करामत समजल्याबरोबर संपली होती.

पुढच्या आठवड्यात मी कडूबाईबरोबर परभणीला गेले. डॉक्टर भक्तीचा डोळा तपासून रागावतील म्हणून ती रस्ताभर धास्तावली होती. डॉक्टर थोडे रागावलेही, म्हणाले वेळ गेला तो गेला, पण अजून हाताशी वेळ आहे. मग कडूबाईनं, महाराजांना विचारलं होतं तसंच, विचारलं, "डॉक्टर, पट्टीनं डोळा कसा काय सुधरतो, त्ये आधी मला सांगा."

डॉक्टरांनी बाहेरचे पेशंट थांबवले. कागदावर दोन डोळे काढले, मेंदू काढला आणि तिला कळेपर्यंत सांगितलं. एकदा नाही कळलं, तर दुसऱ्यांदा सांगितलं.

मला तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. तुमच्या लेकराचा जीव, डोळा, आयुष्य कुणाच्या हाती देण्याआधी त्याला विचारा, हे कसं होतं? जो समजावून सांगेल त्याच्याकडं जा. जो चिडेल, शाप देईल, तुमच्या पापाचं नाव काढेल, त्याच्याकडून लेकराला उचला आणि घरी या. परतताना कडूबाई बसमध्ये भक्तीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावत होती. भक्ती रडायला लागली तशी तिनं तिला मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांनी काढलेला मेंदू बोटानं तिच्या तळहातावर काढून दाखवायला सुरुवात केली.