दोन्ही पक्षांना समज

दिली समज कंथानं, दिवा लावायाच्या येळी
बाई माझ्या मनगटी, काच फुटली काळी-निळी.

वालूरच्या ओसरीवर धुरपताबाई तूर पाखडायला बसली की सुपाच्या ठेक्यावर ही ओवी म्हणायची. आवाज जाडसर, कडेला जरा उसवलेला. शेजारच्या घरातली त्रिवेणी तेव्हा पाटीवर बाराखडी गिरवायची. ओवी तिला पाठ झाली होती, पण तिच्यात एक अडचण होती. समज देणं म्हणजे समजावून सांगणं, हे तर बाईंनी शाळेत शिकवलं होतं. मग एक दिवस तिनं विचारूनच टाकलं, "काकू, समज दिल्यावर काच कशी फुटती?"

धुरपताबाईचं सूप काही थांबलं नाही. "जोरात दिली की फुटती, माय," ती म्हणाली आणि फोलपटं वाऱ्यावर सोडून दिली.

धुरपताबाई गेली, तिची ओसरी गेली. त्रिवेणी शिकली, शहरात राहिली, आणि परत येऊन परभणीबाहेरच्या एका कॉलेजात मराठी शिकवू लागली. गेल्या जूनपासून तिच्याकडे आणखी एक काम आलं होतं. मुलामुलींमधली मारझोड, धमक्या, पाठलाग थांबवायचा, त्याबद्दल पोरांना शिकवायचं, अशी एक समिती होती. तिची ती प्रमुख. जिन्याजवळ समितीचा फलक लावलेला होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: 'हिंसाचाराची तक्रार प्राप्त झाल्यास चौकशी करून दोन्ही पक्षांना समज देण्यात येईल.' खाली त्रिवेणीचं नाव.

सगळं वर्ष सरत आलं, एकही तक्रार आली नाही. प्राचार्य राजेश्वर सर खूश होते. "शून्य तक्रारी, मॅडम. पाहुणे आले की मी पहिल्यांदा हेच सांगतो."

त्रिवेणीला त्या शून्यानं झोप लागेना. कारण तिला डोळे होते. तिसऱ्या वर्षाला वैष्णवी नावाची मुलगी होती, पेडगावहून बसनं येणारी. कविता मोठ्यानं वाचायला तिच्यासारखं कुणी नव्हतं. ती वाचायला लागली की मागच्या बाकावरची मोबाईलवाली पोरंसुद्धा मान वर करायची. धुळीसाठी तोंडाला स्कार्फ तर सगळ्याच पोरी बांधतात, पण वर्गात आल्यावर सोडतात. वैष्णवीनं सोडायचं बंद केलं. एकदा तास संपल्यावर त्रिवेणीनं तिला थांबवलं. स्कार्फ खाली सरकलेला होता.

"गालाला काय झालं गं?"

"बसच्या दांडीला लागलं, मॅडम."

दांडीला चार बोटं नसतात, हे त्रिवेणीच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं. पोरीला खोटं पाडून पोर आपल्याकडे येत नसते.

दिवाळीनंतर वैष्णवीचा साखरपुडा झाला होता. मुलगा हरिओम, मोंढ्यात त्याच्या वडलांचं अडत दुकान. कॉलेज सुटायच्या वेळी त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर लिंबाखाली उभी असे. वैष्णवी आली की तो आधी हात पुढे करी, आणि ती त्या हातात आपला फोन ठेवी. रोजचं होतं ते. येणारे-जाणारे बघत आणि पुढे जात.

एका दुपारी त्रिवेणी मुलींच्या खोलीत जाऊन बसली. डबे उघडलेले होते, ठेच्याचा वास सुटला होता. तिनं सरळच विचारलं, "फलक तुम्ही रोज बघता. मग कुणी येत का नाही माझ्याकडे?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. ताडकळसची निकिता होती, तोंडाची फटकळ. तिला हसू आवरेना.

"मॅडम, रागावू नका. पर त्येच्यावर लिवलंय की, दोघांनाबी समज देणार मनून."

"मग?"

"मग काय. एक समज घरी मिळायलीय, दुसरी खायला तुमच्याकडं कोण येईल?"

पोरी खळखळून हसल्या. एकीला ठसका लागला. त्रिवेणी हसली नाही. तिच्या कानात सुपाचा ठेका वाजला, आणि फोलपटासारखा हलका झालेला तो शब्द वजनानं खाली आला. फलकावर तिनं लिहिलं होतं, ताकीद देऊ. पोरींनी वाचलं होतं, ठोकून काढू, आणि जिला लागलंय तिलाही ठोकू. बरं, चूक पोरींची नव्हती. त्यांच्या घरात, गल्लीत, बसस्टँडवर त्या शब्दाचा तोच अर्थ होता. वालूरला तिच्याही गल्लीत तोच होता.

"हसा," ती म्हणाली. "आणि हसून झालं की मला सांगा, काय लिहायचं ते."

त्या दुपारी जेवण तसंच राहिलं आणि मुलींनी मजकूर सांगितला. राजेश्वर सरांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, ही काय भाषा? 'आमी'? 'न्हाई'? विद्यापीठाची माणसं येतात हो."

"ती येऊ द्या, सर. पण फलक त्यांच्यासाठी नाही."

"आणि मी म्हणतो, दोन्ही बाजू ऐकायला नकोत का?"

"ऐकू की. ऐकणं वेगळं आणि समज देणं वेगळं. जुना फलक राहिला तर त्यावरचं माझं नाव मी खडूनं पुसते. तेवढा हक्क मला आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ नवी पाटी लागली: 'कुणी मारलं, समज दिली, वाट अडवली, फोन हिसकला, तर आमाला सांगा. तुमाला कुणी काय बोलणार न्हाई. तुमी म्हनताल तसंच करू.'

मुलांचा तास मात्र अवघड गेला. पहिल्याच दिवशी महारुद्र उठला. तालमीत जाणारा, दारातून आत येताना तिरपा होणारा गडी.

"मॅडम, इचारू का? लगीन ठरल्यावर पोरीला समज द्यायची न्हाई, तर मग काय आरती करायची का तिची?"

वर्ग दणाणून हसला. त्रिवेणीनं हसू पूर्ण होऊ दिलं.

"महारुद्र, मोंढ्यात तुझ्या कानाखाली कुणी एक ठेवून दिली, तर घरी काय सांगशील?"

"मला कोण ठेवतंय?"

"ठेवली असं धर."

"मारलं मनून सांगन. मग जाऊन हुडकीन त्याला."

"मला समज दिली, असं नाही सांगणार?"

"समज कशाला मनू? मी काय बाई..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. या खेपेला कुणी हसलं नाही. महारुद्र खाली बसला आणि बाकावरचा कुणाचा तरी पेन उगीच उघडत-मिटत राहिला.

त्रिवेणीनं त्यांना एकच गोष्ट शिकवली, आणि पुन्हा पुन्हा शिकवली. कुणी कुणावर हात टाकताना दिसलं, तर आपण हात टाकायचा नाही. शिवी द्यायची नाही. नुसतं जवळ जाऊन उभं राहायचं आणि साधं काहीतरी बोलायचं. बघणारं माणूस जवळ आलं की उचललेला हात जड होतो.

"बस? उभं राहायचं?" एकानं विचारलं.

"राहून बघ. सोपं नाही ते."

फाल्गुन लागला. एका दुपारी लिंबाखाली हरिओमनं वैष्णवीचा फोन बघितला आणि तिचं मनगट धरून पिरगाळलं. दुसरा हात वर गेला. तेवढ्यात महारुद्र आणि वर्गातले आणखी दोघं चालत तिथं आले, आणि मोटारसायकलला लागून उभे राहिले.

"भाऊ," महारुद्र म्हणाला, "पेडगावची बस लागली हाय. जाऊ द्या त्यांना."

"तू कोण रे मधी?"

"मी कोणबी न्हाई. बस लागली मनून सांगायलोय."

हरिओमनं तिघांकडे बघितलं. मनगट सुटलं. वैष्णवी बसकडे गेली, पण पायरीवर पाय ठेवला आणि परत फिरली. सरळ त्रिवेणीच्या खोलीत आली. उभ्यानंच बोलली, खिडकीबाहेर बघत.

"मॅडम, ते मला समज देतेत. साखरपुड्यापासून. मला ताप आला व्हता, फोन उचलला न्हाई, तवा ती गालावर दिली. आईला सांगितलं. आई म्हनली, कुणी इचारलं तर पडले मन."

त्रिवेणीनं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. "तुला काय हवंय?"

"मला परीक्षा द्यायचीय. आणि त्यांच्या घरी जायचं न्हाई." एवढं बोलली आणि आपणच हे बोललो का, अशी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"मग तेच करायचं. पोलिसांत जायचं का, ते तू ठरव. मी बरोबर येईन."

"आबांना काय सांगू?"

ते सांगायची वेळ आलीच नाही. हरिओमच्या घरून पेडगावला फोन गेला होता. कॉलेजातले पैलवान आमच्या पोराच्या आणि सुनेच्या मधे पडायलेत, आमची बेइज्जती करायलेत. आधी कॉलेजातून तिचं नाव काढा, मग लग्नाची तारीख बोलू. दोन दिवसांनी आश्रुबा आणि कस्तुराबाई, वैष्णवीचे आईवडील, तिला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत आले.

आश्रुबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. माणूस आवाज चढवणारा नव्हता. "साहेब, लेकराचा दाखला द्या. लगीन जवळ आलंय."

राजेश्वर सरांनी त्रिवेणीकडे असं बघितलं की बघा, तुमच्या पाटीनं काय केलं. त्रिवेणी जागची हलली नाही.

"सर, दाखला विद्यार्थिनीच्या सहीनं निघतो. तिनं मागितला तर."

"करंल की सही," आश्रुबा म्हणाला. "कर गं."

अर्ज टेबलावर होता. वैष्णवीनं पेन घेतला. पेन कागदाला लागेना, आणि हातातून सुटेनाही.

"बाई," त्रिवेणी कस्तुराबाईला म्हणाली, "तिच्या गालावर काय झालं होतं, तुम्हाला माहीत आहे."

कस्तुराबाईनं खुर्ची जरा वळवून उजवा कान पुढे केला. त्रिवेणीनं तेच पुन्हा विचारलं. "पडली व्हती," कस्तुराबाई म्हणाली. "बसमधी." तिची नजर जमिनीवर होती.

"म्याडम, तुमी शिकलेल्या हायत," आश्रुबा म्हणाला, समजावणीच्या सुरात. "तुमाला वाईट वाटतंय, ते कळतंय मला. पर पोरगं चांगलं हाय. दुकान हाय, यसन न्हाई. दिली आसंल एखाद्या वक्ताला समज. घरोघरी आसतंय. त्येच्यानं काय संसार मोडत न्हाईत."

"तिला परीक्षा द्यायची आहे. आणि हे लग्न नको आहे. ती सज्ञान आहे, आणि मी तिच्या बाजूनं आहे. सगळं कॉलेज तिच्या बाजूनं आहे." हे शेवटचं म्हणताना त्रिवेणीनं सरांकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

राजेश्वर सरांनी खाकरून घसा साफ केला. बोटानं अर्ज हळूच आपल्याकडे ओढला. "मुलगी म्हणेल तसं," ते म्हणाले. "मी जबरदस्तीनं सही घेणार नाही."

"म्हनंल की ती. वैष्णवी, मन," आश्रुबा म्हणाला. "मला सोयऱ्यांत तोंड दाखवायचंय."

वैष्णवीचे ओठ हलले. जी बोलायला लागल्यावर वर्ग शांत व्हायचा, तिला बापासमोर एक शब्द सापडेना. तिनं आईकडे बघितलं. मागणं काही नव्हतं त्या बघण्यात. अंधारात माणूस भिंतीला हात लावतं, तसं बघितलं.

कस्तुराबाई उठली. लेकीच्या मुठीतून पेन सोडवला आणि टेबलावर सरांच्या पुढ्यात ठेवला. मग लेकीसमोर उभी राहिली. नवऱ्याकडे तिची पाठ होती.

"माझा हा डावा कान. तळ्यात पवताना पाणी गेलं, मनून बंद झाला, आसं तुला सांगत आले मी."

"कस्तुरा," आश्रुबा म्हणाला.

"मला पवता येत न्हाई, बाई. माझ्या माहेराला तळंच न्हाई."

"कस्तुरा, घरी बोलू."

"घरी इतकी वर्सं गेली." तिचा आवाज कापत नव्हता. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दारासारखा तो आधी अडला, मग पूर्ण उघडला. "तू पोटात व्हतीस. बैलाला पेंड घालायची राह्यली मनून तुज्या आबांनी मला मारलं. माझ्या आईनं सांगितलं, पडले मन. मी मनले. तू मनू नको."