रिकाम्या कंसाचं गाऱ्हाणं

मी एक फंक्शन बोलतोय. संगणकाच्या सी भाषेतलं, नाव घेताच ठरलेलं काम करणारं. नाव 'सर्वबंद'. इजिप्तमधल्या फय्यूमच्या एका उबवणीघरात भिंतीवर कंट्रोलरची पेटी आहे, तिच्यात राहतो. काम एकच. हाक आली की चारही खोल्यांचे हीटर बंद करायचे. मला सोबत काही द्यावं लागत नाही. हाक मारा, मोकळे व्हा.

मला लिहिलं वगीह उस्तादांनी. माणूस हुशार, पण घाईचा. माझ्या नावापुढे कंस काढला आणि आत काहीच लिहिलं नाही. त्यांना वाटलं, रिकामा कंस म्हणजे हा काही घेत नाही. साफ चूक. आमच्या जुन्या सीमध्ये रिकाम्या कंसाचा अर्थ एवढाच, की काय घेतो ते सांगितलेलं नाही. मग कोणी काहीही आणून दिलं तरी कंपायलर, म्हणजे आमचा तपासनीस, तोंड उघडत नाही. अकरा वर्षं कुणी काही दिलं नाही, म्हणून निभावलं.

उस्ताद निवृत्त होऊन घरी बसले, त्यांच्या जागी शाहिनाझ आली. पोरगी मन लावून काम करणारी. तिसऱ्या खोलीतली पिल्लं निघून गेली होती, खोली धुवायची होती. तेवढाच हीटर बंद व्हावा म्हणून तिनं नवं बटण केलं आणि त्यात मला हाक मारताना तीनचा आकडा दिला. तपासनीस गप्प. मी तो आकडा घेणार कुठे? शिकवलेलं केलं. चारही बंद. पडद्यावर मात्र तिनं लिहिलेलंच उमटलं: तिसरी बंद.

बाकीच्या खोल्यांत नऊ हजार अंडी होती, अठराव्या दिवसाची. आत जीव हलत होते.

मालक अम्म मेहरेझ, म्हणजे मेहरेझकाका, पडद्याला जुमानणारा नव्हे. अंडं उचलायचं आणि मिटल्या पापणीला लावून ऊब बघायची, ही त्याच्या घराण्याची रीत. दुपारच्या फेरीला त्यानं एक लावलं. मग दुसरं. मग पलीकडच्या खोलीतलं.

"इंजिनिअरबाई, अंडी विहिरीच्या दगडासारखी गार लागतायत. तुमची पेटी काय म्हणते?"

"तिसरीच बंद आहे म्हणते, अम्म."

"मग पेटीची पापणी तपासून घ्या."

हीटर हातानं लावले, अंड्यांवर घरातल्या गोधड्या टाकल्या. शाहिनाझ रडवेली झाली, नोकरी सोडते म्हणाली. मेहरेझ म्हणाला, आधी चूक शोध, मग खुशाल जा. तिनं उस्तादांना फोन लावला. त्यांनी माझी ओळ वाचून दाखवायला सांगितली.

"कंस रिकामा मी सोडला, पोरी. शिव्या मला दे."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. माझ्या कंसात व्हॉइड लिहिलं, म्हणजे हा काही घेत नाही. जिथे माझी ओळख लिहिली होती तिथेही लिहिलं. लगेच तपासनीस तिच्या त्याच ओळीवर अडून बसला, यानं काही घ्यायचं नाही म्हणाला. एका खोलीसाठी तिनं वेगळं फंक्शन केलं.

एकविसाव्या दिवशी कवचं फुटायला लागली. पहिल्या खोलीतली बरीच फुटली नाहीत. मेहरेझनं ती टोपल्यात भरली आणि शाहिनाझला चहा पाठवला. ती गेली नाही.

सीच्या नव्या नियमांत रिकामा कंस म्हणजे काही न घेणारा, असं ठरलंय म्हणतात. पण माझ्यासारखे जुने कितीतरी पेट्यांत पडून आहेत. काढा त्यांना बाहेर, कंस बघा. ज्याला काही नको, त्याच्या कंसात तसं लिहा. इतकी वर्षं मला नको म्हणता येत नव्हतं. आता येतं.