वीतभर फट

डोमाजींची हयात तोफांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. सूतभर फट दिसली तरी त्यांचं डोकं फिरे. नातीसाठी आंब्याच्या झाडावर घर बांधताना कुंडम गावच्या भैयालाल मिस्त्रीने खोडाभोवती वीतभर जागा सोडून फळ्या कापल्या, तेव्हा ते कडाडले, “काम बिघडवून राहिला तू!”

भैयालाल हसला. “दादा, पेड़ है, बढ़ेगा।”

बारा वर्षांनी डोमाजी कसेबसे शिडी चढले. भैयालाल आता नव्हता. खोड वाढून फळ्यांना टेकलं होतं, पण घर जसंच्या तसं होतं. त्यांनी हात जोडले, आरी मागवली अन् फळ्या पुन्हा वीतभर कापायला घेतल्या.

“आजोबा, काहून कापता?” नातीने विचारलं.

“भैयालालनं बारा वर्षं दिली, बाई. पुढची बारा मी देऊन राहिलो.”