आप्पांनी खोललेली गाडी

त्या रविवारी ठाण्यात थंडी पडली होती, म्हणजे खरोखरच पडली होती. वर्तकनगरच्या वसाहतीत दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या कानटोप्या बाहेर आल्या होत्या. दगडू साळवे, म्हणजे घरचे आप्पा, मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कंपाउंडच्या भिंतीशी, एका जुन्या पांढऱ्या व्हॅनच्या उघड्या दारात गुडघे टेकून बसले होते. भिंतीलगतचा तेवढा रस्त्याचा तुकडा हेच त्यांचं गॅरेज. छप्पर नाही, पाटी नाही, वर एक बदामाचं झाड. थंडी सुरू झाली की जुन्या गाड्या सकाळी सुरू व्हायला कुरकुर करतात, म्हणून डिसेंबर-जानेवारी हा त्यांचा हंगाम.

त्यांची मुलगी दर्शना डोंबिवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची आणि तिथेच राहायची. सुट्टीला आली की खाली रंगाच्या पालथ्या डब्यावर पुस्तक घेऊन बसायची. आजही बसली होती.

"पुस्तक झोपलं का तुझं?" सीटखालच्या इंजिनात घातलेलं डोकं बाहेर न काढताच आप्पा म्हणाले.

"तुम्हाला आतून काय दिसतं?"

"पान उलटलं की आवाज येतो. मघापासून आला नाही. बारा-तेरा दे."

पाना तिच्या हातात आधीच होता. आप्पांनी तो न बघता घेतला, मग थांबले आणि बघितलं.

"तू कशाला हात लावलास? मी घेतला असता की. रॉकेलचा वास जात नाही लवकर. उद्या वर्गात उभं राहायचंय तुला."

"साबण असतो आप्पा."

"साबण आमच्यासाठी. तू वर जा, आईला चहा टाकायला सांग."

ती गेली. नेहमीच जायची. आप्पांचे वडील धोंडीबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. आप्पांनी ते टाकून ठाण्यात येऊन पाना धरला. आता मुलीने पानाही धरायचा नाही, अशी त्यांनी मनाशी पायरी बांधली होती. सातवीच्या मे महिन्यात दर्शनाने एका स्कूटरचा कार्ब्युरेटर एकटीने खोलून, साफ करून परत बसवला होता. स्कूटर सुरू झाली तेव्हा आप्पा क्षणभर असे हसले होते की तसे ते पुढे तिच्या कुठल्याही निकालाला हसले नाहीत. मग त्यांनी स्वतः तिचे हात घासून धुतले आणि म्हणाले, "झालं. आता परत नाही." ती वाचत गेली, शिकत गेली, आणि त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणी कधी बोललं नाही.

दुपारी ऊन कलल्यावर आप्पांनी व्हॅनचा कार्ब्युरेटर काढून वर घरी आणला. रस्त्यावर ठेवला तर सकाळपर्यंत राहायचा नाही. गॅलरीत रॉकेलमध्ये धुऊन त्यांनी तो पुसला, शेजारी पेपर पसरला आणि काढल्या क्रमाने सगळे बोल्ट मांडले. बोटांच्या भेगांना व्हॅसलीन चोळत म्हणाले, "उद्या बसवतो. खालच्या हेमाचे डबे अडलेत."

पहाटे झोपेतच ते गेले.

*

जलदान विधी झाला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे आले, त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्त्या विझल्या, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. घरात उरली आई, म्हणजे शालनबाई, धाकटा भाऊ रत्नदीप आणि दर्शना. शालनबाई भिंतीला टेकून बसून असायच्या. रत्नदीप लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायचा आणि मध्येच उठून बेसिनवर तोंड धुऊन यायचा. दर्शनाला बसवत नव्हतं. पुस्तक उघडलं की ती त्याच ओळीवर फिरत राहायची. गॅलरीत जायची, खाली व्हॅन दिसायची, आत यायची. भांडी घासायची, घासलेली परत घासायची. भाजी आणायला म्हणून निघायची आणि टेंभी नाक्यापर्यंत चालत जाऊन रिकाम्या हाताने परत यायची.

हेमा खालच्या मजल्यावर राहायची. त्या व्हॅनमधून ती वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवायची. सध्या रिक्षाने पोचवत होती. एका संध्याकाळी ती वर आली आणि दारातच उभी राहिली.

"दर्शनाताई, तुम्ही गाडीचं मनात ठेवू नका हां. मी ठरवलंय, भंगारात देते. तो माणूस उद्या सकाळी येतोय टोचन लावून ओढून न्यायला. नाहीतरी म्हातारी झालेली."

"आप्पा बसवणार होते."

"माहितीये ना. म्हणून तर दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही इतके दिवस." हेमाने डोळे पुसले. "पण किती उभी ठेवू? अशी अर्धवट खोललेली बघवत नाही मला."

हेमा गेली. दर्शनाने चपला घातल्या.

"आता कुठे?" रत्नदीपने विचारलं.

"राकेशकडे."

राकेश आप्पांच्या हाताखाली शिकलेला. वागळे इस्टेटमध्ये त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. शेकोटीत पुठ्ठे टाकत तो उकिडवा बसला होता. तिला बघून उठला, खुर्ची पुसली. तिने सांगितलं तसा तो मान हलवायला लागला.

"ताई, दुसरं काही पण सांग. ती गाडी मी नाय बांधणार."

"का? तासाभराचं तर काम आहे."

"काम दहा मिनटाचं असलं तरी नाय. ज्याने खोलली त्याने बांधायची. दुसऱ्याने खोललेलं इंजिन आपण घेत नाही, हे आप्पांनीच शिकवलेलं मला. त्यात त्यांनी खोललेली. माझा हात नाय चालणार ताई."

"ते आता येणारेत का बांधायला?"

राकेशने शेकोटीकडे बघितलं. "घरातलं कोणी असतं तर गोष्ट वेगळी. पण रत्नदीप म्हणजे... त्याला बल्ब बदलायला पण माणूस लागतो."

तिला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आलं. घरातलं कोणी म्हणताना राकेशने तिच्याकडे बघितलंही नव्हतं. तो तरी का बघेल?

*

पहाटे ती उठली तेव्हा शालनबाई जाग्याच होत्या.

"आई, गॅलरीत पेपरवर बोल्ट मांडलेले होते ना?"

"उचलले मी. पाहुणे यायचे होते, कोणाच्या पायात घुसले असते. साबणाने धुऊन, कोरडे करून डब्यात ठेवलेत. बेसनाच्या."

दर्शनाने डबा उघडला. लांब, आखूड, जाडे, बारीक, नट, वॉशर, सगळे एकत्र, आणि सगळे इतके लख्ख की आप्पांनी आयुष्यात असे बोल्ट बघितले नसतील. त्यांनी मांडलेला क्रम गेला होता. आईवर रागवावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण आईने त्यातला एकेक टॉवेलने पुसला असणार.

"कशाला हवेत?" आईने विचारलं.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

कार्ब्युरेटर, डबा आणि आप्पांचे पाने घेऊन ती खाली उतरली तेव्हा उजाडत होतं. वसाहतीवर धुरकट गारठा बसला होता. व्हॅनचा पत्रा इतका थंड की हात लावल्यावर बोटं आपोआप मागे आली. आप्पांच्या गोणपाटावर ती गुडघे टेकून बसली, सीट उचलून मागे अडकवली. आत कार्ब्युरेटरच्या जागी आप्पांनी फडक्याचा बोळा कोंबून ठेवला होता, घाण पडू नये म्हणून. तो काढताना तिचा हात थोडा थांबला. मग तिने तो काढून बाजूला ठेवला आणि कार्ब्युरेटर जागेवर टेकवला.

कुठला बोल्ट कुठे, हे तिला कसं कळणार? आप्पा पान्याला शेवटी हात लावायचे, एवढं तिला माहीत होतं. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचे. ज्याची जागा असेल तो बोटांनीच आत जातो. अडला तर तो तिथला नाही, जोर करायचा नाही. दूर डब्यावर बसून, पुस्तकाआडून, हे तिने किती वर्षं बघितलं होतं. तिने पहिला बोल्ट उचलला. दोन आटे गेला आणि अडला. काढला. दुसरा गेलाच नाही. थंडीने बोटांना कळेनासं झालं तेव्हा ती काखेत धरून गरम केली आणि पुन्हा लागली. एक गेला, सरळ, बुडापर्यंत. मग आणखी एक.

भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा पेट्रोलची नळी लागली होती आणि चोकची वायर तिच्या दातात होती.

"बाई, गाडी न्यायचीय."

"थांबा."

"धंद्याची वेळ आहे."

"मग चहा पिऊन या."

टेम्पोच्या आवाजाने रत्नदीप खाली आला आणि बहिणीला बघून जिन्याच्या तोंडाशीच उभा राहिला. ऑफिसचे बूट, गळ्यात ओळखपत्र. "ताई, तू काय करतेयस?"

"बॅटरी उतरली असेल. धक्का मारावा लागेल. हेमाला बोलाव."

"मी? या बुटांवर?"

"काढून ठेव."

त्याने खरंच काढले. हेमा केस बांधत आली, काही न विचारता स्टिअरिंगवर बसली. दर्शनाने चोक ओढून दाखवला, "मी सांगितल्यावर क्लच सोड." ती आणि रत्नदीप मागून लागले. गाडी कुरकुरली, आचके देत थांबली.

"मेलीय ती," टेम्पोवाला चहाचा ग्लास घेऊन म्हणाला.

"पेट्रोल चढायचंय अजून," दर्शना म्हणाली. आवाज ओरडल्यासारखा निघाला होता. तिने खाली घेतला. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी इंजिन खोकलं. तिसऱ्या वेळी टेम्पोवाल्यानेच ग्लास भिंतीवर ठेवून खांदा लावला. भिंतीच्या टोकाशी व्हॅन धडधडली, काळा धूर सोडला, बंद पडते की काय असं वाटलं, आणि चालू राहिली. हेमाने ॲक्सिलरेटर सोडायचं धाडस केलं नाही. रत्नदीप मोज्यांवर रस्त्यातच उभा होता. "चालू झाली," तो म्हणाला, मग पुन्हा तेच म्हणाला.

आवाज ऐकून शालनबाई खाली आल्या होत्या. शालीत गुंडाळलेल्या, हातात चहाचा पेला. पेला पुढे केला आणि घ्यायला आलेले हात बघून त्या थबकल्या. कोपरापर्यंत काळे, नखाशी कातडं सोललेलं.

"अगं, काय करून घेतलंस हे? यांनी बघितलं असतं तर तोंडात घास घातला नसता."

दर्शनाने पेला घेतला नाही. आईचं बरोबर होतं. याच एका गोष्टीसाठी ती इतकी वर्षं गप्प राहिली होती. बोलली असती तर त्या माणसाने बांधलेली सगळी पायरी तिने एका वाक्यात मोडली असती. आता घास टाकायला कोणी नव्हतं. इंजिन अजून धडधडत होतं, ऐकू जायचं तर मोठ्याने बोलावं लागणार होतं. आईकडे नाही, हेमाकडे नाही, गोणपाट पडलं होतं त्या भिंतीकडे तिने तोंड केलं.

"आप्पा," ती म्हणाली, "मला हे काम करायचं होतं. शिकले ते मनापासून शिकले, तुमच्यासाठी म्हणून नाही. पण मला हेही हवं होतं. तुमच्या शेजारी बसून."