जीभ तुटलेल्या घरघंटीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे. मी पीठ दळते आणि डूख धरते. दोन्ही कामं मला सारखीच चांगली जमतात.

कारखान्यातून निघाले ती थेट नेरुळला, हलिमाबींच्या स्वयंपाकघरात आले. त्यांचे यजमान सुतार होते. ते गेल्यावर हलिमाबींनी माझ्याच जिवावर घर चालवलं. सोसायटीतल्या बायका तांदूळ आणून देत आणि मी भाकरीसाठी मऊ पीठ काढून देई. शेजारच्या रखमाताईंकडे माझीच बहीण होती, एकाच कारखान्यातली. दसऱ्याला तिला फूल वाहिलं की रखमाताई एक माझ्यावरही ठेवून जात.

एक दिवस बहीण बंद पडली. शहाजी नावाचा मेकॅनिक आला, मोटर जळली म्हणाला आणि तिला भंगारात घेऊन गेला. पुढे मीही बंद पडले. तो पुन्हा आला, माझ्या पोटात जेमतेम डोकावला आणि म्हणाला, "चाची, मोटर जळली. भंगारात द्या, नवीन मी आणून देतो." माझी मोटर ठणठणीत होती! पण मला बोलता कुठे येतं? उद्या टेम्पो आणतो म्हणून तो निघून गेला.

निरोपाचं म्हणून हलिमाबींनी मला आतून पुसायला घेतलं, तेव्हा पिठात प्लॅस्टिकचा एक तुकडा सापडला. माझ्या दाराला एक छोटी जीभ असते. दार लागलं की ती आतलं बटण दाबते, तेव्हाच मी फिरते. तीच तुटून पडली होती. हलिमाबींनी लाटण्याच्या टोकाने ते बटण दाबून पाहिलं आणि मी घुमले. लगेच त्यांनी शहाजीला टेम्पो आणू नको म्हणून कळवलं.

पण जीभ सुटी मिळेना. समाजमंदिरात उन्नती मॅडम कॅड शिकवत, म्हणजे कॉम्प्युटरवर मापात वस्तू आखायला. आखलेली वस्तू तिथला प्रिंटर प्लॅस्टिकमध्ये घडवून देई. बाकीचे चाव्यांना लावायची नावं बनवत होते. हलिमाबी माझी तुटकी जीभ रुमालात बांधून घेऊन गेल्या.

सुताराचं घर, तिथे माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. रुंदी तीन सूत, म्हणून त्यांनी तीन लिहिलं. कॉम्प्युटर मोजतो मिलिमीटरमध्ये. जीभ निघाली तांदळाच्या दाण्याएवढी. सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टीने नीट मोजलं आणि मूळची जीभ जिथे मोडली होती तिथे थोडी जाडी वाढवली. ती जीभ दाराला चपखल बसली.

मग बायका आपापल्या मोडक्या वस्तू घेऊन येऊ लागल्या. कुणाच्या मिक्सरचं बटण, कुणाच्या खिडकीची कडी. हलिमाबी सगळ्यांना वर्गात नेऊन बसवत. शहाजीचा टेम्पो आमच्या गल्लीतून रिकामा जाऊ लागला. मला फार बरं वाटायचं.

आणि एका सकाळी शहाजी स्वतः दारात उभा. त्याच्या बायकोची माझ्यासारखीच घरघंटी बंद पडली होती आणि त्याला जीभ हवी होती. याला हाकलून द्या, असं मी मनात ओरडत होते. हलिमाबींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि रखमाताईंना हाक मारली.

"जीभ देते," रखमाताई आल्यावर हलिमाबी म्हणाल्या. "पन आधी हिला सांग, हिच्या घरघंटीला काय झालं होतं."

शहाजी म्हणाला, "जीभ तुटली होती."

"आनि मोटर?" रखमाताईंनी विचारलं.

"चांगली होती."

रखमाताई घरी गेल्या. हलिमाबींनी वर्गात जादा काढून ठेवलेली जीभ त्याच्या हातावर ठेवली. त्याने खिशात हात घातला, तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. फुकट मिळालेली ती जीभ त्याला रोज आपल्या घरात बघावी लागते. माझ्या बहिणीचा सूड उगवला गेला.

मित्रांनो, घरातली वस्तू बंद पडली तर तिला भंगार म्हणण्याआधी एकदा तिच्या पोटात डोकावून बघा. मोडलेला भाग मोजायला आणि आखायला शिका. ते शिकायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. माझी बहीण गेली तेव्हा आमच्या गल्लीत हे कुणालाच येत नव्हतं.