मनुक्यांचा वाटा

गेल्या नाताळात झोफ्का कुत्रीने झाडावरची चमकी गिळली होती आणि तिचे आतडे कापून ती बाहेर काढावी लागली होती. तेव्हापासून व्लास्तिमिल यांनी ठरवले होते, की या घरात पुन्हा असे काही घडू द्यायचे नाही. चाळीस वर्षे टर्बाइनच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळलेला माणूस. त्यांनी नऊ कलमांचा कागद तयार केला, फ्रिजवर लावला आणि खाली घरातल्या प्रत्येकाची सही घेतली. झाड तारेने छताच्या हुकाला बांधले. चॉकलेटे वरच्या फांद्यांवर चढवली. फटाक्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींत पट्ट्या बसवल्या. सातवे कलम होते : मनुका नाही, एकही नाही. कुत्र्यांना मनुके विषासारखे.

पहिली चांदणी दिसली, तशी पत्नी द्राहोमिरा यांनी सुपाचे पातेले, बटाट्याचे सॅलड, तळलेला कार्प मासा, सगळे हाताच्या अंतरावर मांडले. एकदा बसले की जेवण संपेपर्यंत उठायचे नाही. जो उठेल, तो पुढचा नाताळ पाहणार नाही, असे व्लास्तिमिल यांच्या सासूबाई ओतिलिए मानत. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या ओतिलिएंकडे त्याला पुरावाही होता. त्यांचे यजमान एकदा मीठ आणायला उठले होते आणि ईस्टरच्या आत गेले.

सूप अर्ध्यावर आले असताना टेबलाखालून मचमच ऐकू आली.

"आई," व्लास्तिमिल यांनी चमचा खाली ठेवला, "तिला काय दिलंत?"

"काही नाही. तिचा वाटा."

"कसला वाटा?"

"वानोच्काचा. आज घरातल्या मुक्या जीवाला पानातला घास द्यायचा असतो, म्हणजे ते वर्षभर धडधाकट राहतं. माझी आई गाईला द्यायची, कोंबड्यांना द्यायची."

वानोच्का म्हणजे नाताळचा वेणीसारखा गुंफलेला गोड पाव, आणि द्राहोमिरांच्या हातचा म्हटल्यावर त्यात मनुके मोजून पडत नसत.

"कागदावर सही केलीत तुम्ही! सातवं कलम!"

"जावईबापू, तो कागद कुत्रीला काय खाऊ घालायचं नाही त्याचा. हे खाऊ घालणं नव्हे, हा वाटा आहे."

"किती मनुके होते?"

"मनुके कुणी मोजतं का?"

व्लास्तिमिल यांनी मनातल्या मनात हिशोब केला. कुत्री आठ किलोची, तुकडा तळहाताएवढा. बसल्या जागी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "लगेच आणा," त्या म्हणाल्या, "दोन तासांच्या आत ओकारी काढता आली तर बरं. नाहीतर मूत्रपिंडं जातात."

ते खुर्ची सरकवून उठले.

"बसा!" ओतिलिएंचा आवाज चिरकला. "अहो, बसा म्हणते ना! द्राहोमिरा, अडव त्यांना!"

"कशी अडवू? मग मला उठावं लागेल, आई."

व्लास्तिमिल यांनी झोफ्काला कोटात गुंडाळले आणि दार आपटले. आयुष्यात त्यांनी दार आपटल्याचे कुणाला आठवत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. दहा मिनिटांत झोफ्काने सगळे पोट रिकामे केले. "अकरा," हातमोज्याच्या बोटाने चाळून त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. उद्या रक्त तपासू, पण मला काळजी वाटत नाही. घरात सांगून ठेवत जा हो."

"लेखी दिलं होतं," व्लास्तिमिल म्हणाले.

पावणेदोन तासांनी ते परतले, तेव्हा दोघी होत्या तिथेच बसलेल्या होत्या. सुपावर साय धरली होती. ओतिलिएंचा उजवा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, बैठकीच्या मध्यावर घट्ट दाबलेला होता.

"तुम्ही गेल्यापासून उचललेला नाही," द्राहोमिरा म्हणाल्या. "जागा रिकामी झाली नाही, म्हणजे तुम्ही उठला नाहीत, असं आईचं म्हणणं. मुंग्या आल्यात हाताला."

"बसा आता," ओतिलिए म्हणाल्या. "आणि भराभर जेवा. मला केव्हाचं संडासला जायचंय."

ते बसले. खुर्ची उबदार होती. त्या उबेमुळे वाटेत जुळवलेली अर्धी वाक्ये गिळावी लागली, याचाच त्यांना अधिक संताप आला.

"वाचली ना?" ओतिलिएंनी विचारले.

"वाचली. अकरा मनुके निघाले."

"बघा. वाटा दिला होता म्हणून वाचली."

कारखान्यात असल्या तर्काचा सुटा भाग व्लास्तिमिल यांनी शिक्का मारून परत पाठवला असता. इथे परत पाठवायचा कुणाकडे? त्यांनी गार मासा काट्याने उचलला आणि काटे तपासत, एक एक घास चावून खाल्ला.

शेजारी ओतिलिएंनी वानोच्काचा नवा तुकडा कापला होता. बधिर बोटांनी त्या त्यातले मनुके टोकरून काढत होत्या आणि बशीच्या कडेला ओळीने मांडत होत्या. काम संपल्यावर त्यांनी तो भोकाभोकांचा तुकडा जावयापुढे धरला.

"तो पहिला तिच्या पोटात राहिला कुठे? वर्ष बिनवाट्याचं जाईल तिचं. आता तरी चालेल ना?"

व्लास्तिमिल यांनी चष्मा चढवला, तुकडा उलटा केला, दिव्यासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"आत एक राहिलाय," ते म्हणाले.